दुसऱ्याच्या गळ्यासाठी

१९८६च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर प्रिन्सचं 'किस' होतं आणि त्याच्या खालोखाल बँगल्स या चौघींच्या बँडचं 'मॅनिक मंडे'. या दुसऱ्या गाण्याचा गीतकार म्हणून 'क्रिस्तोफर' असं नाव छापलं होतं. हा क्रिस्तोफर म्हणजे प्रिन्सच!

नाव लपवलं तरी त्याचा हात लपला नाही. चाल ऐकताना त्याच्याच '१९९९' या गाण्याची आठवण होते. सोमवारी सकाळी कामावर निघालेल्या मुलीच्या धांदलीत आदल्या रात्रीचा प्रणय आणून ठेवणं, हेही त्यालाच सुचावं. हे गाणं त्याने आधी अपोलोनिया ६ या गटासाठी केलं होतं, पण सुझॅना हॉफ्सचा कोवळा, किंचित झोपाळलेला आवाज आणि मैत्रिणींची मिळून गायलेली साथ लाभली आणि ते कायमचं बँगल्सचं झालं.

इतका ठसठशीत कलावंत दुसऱ्यासाठी लिहितो, तेव्हा स्वतःला किती मागे ठेवतो? प्रिन्सचे डेमो (गायकाला ऐकवण्यासाठी केलेली कच्ची ध्वनिमुद्रणं) ऐकले की हा प्रश्न अवघड का आहे ते कळतं. बहुतेक वाद्यं तोच वाजवायचा, गायचाही तोच. श्वास कुठे घ्यायचा, अक्षर कुठे ताणायचं, सारं त्यात ठरलेलं. असा डेमो हाती आला की गायक नकळत त्याची नक्कल करू लागतो. लिहिणाऱ्याने चाल गाणाऱ्याच्या पट्टीत बसवणं हा सोपा भाग. तिच्यात गाणाऱ्यासाठी मोकळी जागा राखणं कठीण.

'नथिंग कंपेअर्स टू यू'मध्ये ती जागा भरपूर होती. प्रिन्सने १९८४मध्ये लिहिलेलं हे गाणं पुढच्या वर्षी द फॅमिली या त्यानेच उभ्या केलेल्या बँडच्या अल्बममध्ये आलं आणि फारसं कुणाच्या लक्षात न येता मागे पडलं. १९९०मध्ये आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनरने ते गायलं. संथ ठेका, तंतुवाद्यांसारखे लांब सूर आणि मधोमध कुजबुजीपासून आक्रोशापर्यंत जाणारा तिचा आवाज. गाण्यात आईने लावलेल्या फुलझाडांचा उल्लेख आहे. शिनेडची आई १९८५मध्ये अपघातात गेली होती; चित्रीकरणात त्या ओळीपाशी तिचे डोळे भरून आले आणि ते अश्रू व्हिडिओत तसेच राहिले. ओळ प्रिन्सची, दुःख तिचं. लिहिणाऱ्याने बारकावा नेमका पकडला होता, म्हणूनच एका अनोळखी मुलीला त्यात आपलं घर दिसलं.

डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' मात्र अगदी खासगी कारणातून आलं. गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना त्याचा निरोप घेण्यासाठी तिने ते लिहिलं. १९७४मध्ये कंट्री यादीत ते अव्वल ठरलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकाने प्रकाशनहक्कांचा निम्मा वाटा मागितला आणि डॉलीने नकार दिला. १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने सुरुवातीला एकही वाद्य न घेता ते गायलं आणि बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या स्थानावर नेलं. गाणं खुल्या मनाने द्यावं, हक्क मात्र घट्ट धरून ठेवावेत, हे डॉलीचं शहाणपण गाणी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

ऑस्ट्रेलियाची सिया उलट्या वाटेने चालली. रिहानासाठी 'डायमंड्स', बियॉन्सेने गायलेलं 'प्रिटी हर्ट्स' लिहून झाल्यावर २०१६च्या 'धिस इज ॲक्टिंग'मध्ये तिने इतरांसाठी लिहिलेली, पण त्यांनी न घेतलेली गाणी स्वतः गायली. त्यातलं 'चीप थ्रिल्स' रिहानाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. तेच अमेरिकेत सियाचं पहिलं अव्वल गाणं ठरलं. 'डायमंड्स'मध्ये स्वर ताणण्याची सियाची लकब रिहानाच्या गळ्यातूनही ओळखू येते. 'चीप थ्रिल्स'मध्ये सिया रिहानाच्या मोकळ्या, नाचऱ्या ढंगात गाते. दुसऱ्यासाठी लिहिता लिहिता तिच्याच गळ्याला एक नवी चाल सापडली.

प्रिन्स २०१६मध्ये गेला. त्याने इतरांना दिलेल्या गाण्यांची त्याच्याच आवाजातली ध्वनिमुद्रणं २०१९मध्ये 'ओरिजिनल्स' या अल्बममधून आली. 'मॅनिक मंडे' आणि 'नथिंग कंपेअर्स टू यू' दोन्ही त्यात आहेत. गाणी लिहू पाहणाऱ्याने ती बँगल्स आणि शिनेडच्या गाण्यांशेजारी ठेवून ऐकावीत, आणि गायिकांनी काय ठेवलं, काय गाळलं, ते कागदावर टिपत जावं.