फोन दुरुस्तीला द्या, माणसं देऊ नका

बिघडलेला मोबाईल दुकानात परत देताना आपण फक्त एक यंत्र परत देतो, अशी बहुतेकांची समजूत असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. कार्यकर्त्याचा मोबाईल त्याच्या एकट्याचा नसतोच. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पोरांनी पाठवलेले जातीचे दाखले, आधारचे फोटो, पासबुकाची पाने, अत्याचाराच्या प्रकरणातला फिर्यादीचा जबाब, साक्षीदारांचे नंबर, हे सगळे त्यात असते. लोकांनी ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असते, दुकानावर नव्हे.

गेल्या पावसाळ्यात वॉरंटीत असतानाच आमच्या मोबाईलची स्क्रीन काळी पडली. काउंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न केला, "पॅटर्न काय आहे, दादा?" आणि जॉबशीटवर लिहायला पेन उचलला. आम्ही विचारले, स्क्रीन बदलायला पॅटर्न कशाला? "चेक करावं लागतं." मग आम्ही म्हटले, बदलून झाली की आम्हाला बोलवा, आम्ही समोर उघडून देतो. मागे रांगेतला एकजण हसला, "एवढं काय लपवायचंय?" थोडी वादावादी झाली, पण शेवटी त्यांनी बोलावले आणि स्क्रीन आमच्याच हाताने तपासली गेली. म्हणजे पॅटर्न लिहून देण्याची गरज नव्हती. ती केवळ सवय होती.

लपवणे आणि जपणे यात फरक आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि त्याचे मूळ अनुच्छेद २१ मध्ये आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण देते, गरज पडल्यास साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचीही तरतूद करते. न्यायालयाने नाव झाकायचे आणि आपण ते काउंटरवर उघडे ठेवायचे, हे कसे चालेल?

मग करायचे काय? मोबाईल चालू असेल तर आधी बॅकअप घ्या. नंतर सेटिंगमधून गूगल खाते काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. खाते तसेच ठेवून बटणे दाबून रीसेट केला, तर पुढे तो जुन्या खात्याचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोनमध्ये 'फाइंड माय' बंद करा. सिम आणि मेमरी कार्ड स्वतः काढून घ्या. आजच्या मोबाईलमधली माहिती कुलूपबंद साठवलेली असते आणि रीसेटने त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, म्हणून रीसेट उपयोगी पडतो. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे तसे नाही. नुसते झटपट फॉरमॅट केले तरी फायली परत काढता येतात. तिथे पूर्ण डिस्क पुसणारे सॉफ्टवेअर चालवा, किंवा देण्यापूर्वी डिस्कच काढून ठेवा.

रीसेट करायचा नसेल, तर सॅमसंगच्या बऱ्याच मोबाईलमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. त्यात कारागिराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. आणि बदलून नवा फोन मिळणार असेल तर एक लक्षात ठेवा, जुना परत येत नाही. पुसायचे ते हातातून सोडण्यापूर्वीच.

याहून महत्त्वाची गोष्ट फोन बिघडण्याच्या आधीची आहे. अर्ज भरून झाला की दाखला मोबाईलमध्ये ठेवायचा कशाला? आधारची प्रत मागताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालत असेल तर तीच मागा. प्रत्येक संघटनेने हा नियम बैठकीत ठरवून घ्यावा.

आम्ही पदव्या घेतल्या आहेत, म्हणून काउंटरवर नाही म्हणू शकलो. ज्या मावशीकडे घरात एकच फोन आहे आणि संध्याकाळपर्यंत तो हवाच आहे, ती पॅटर्न सांगून मोकळी होते. तिला दोष देऊ नका. पुढच्या वेळी ती फोन द्यायला निघाली की सोबत जा, आधी सिम-कार्ड काढून द्या आणि पॅटर्न विचारला तर तिच्या बाजूने तुम्ही बोला.