रंग लावलेला इंजिनिअर

परवा घरी १९८६ चा 'शॉर्ट सर्किट' लावला. रोबोटचा सिनेमा, म्हटलं लेकीला आवडेल. त्यात बेन नावाचा भारतीय इंजिनिअर आहे. इंग्रजी मोडकंतोडकं, बोलला की हशा.

"हा नट गोरा आहे बरं का," मी म्हणालो. "फिशर स्टीव्हन्स. तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय झालाय."

मग माझं भाषणच सुरू झालं. २०१२ मध्ये अ‍ॅश्टन कुचर असाच रंग लावून चिप्सच्या जाहिरातीत 'राज' झाला. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने ती जाहिरात मागे घेतली. 'सिम्प्सन्स'मधल्या अपूला हँक अझारिया या गोऱ्या नटाने जवळजवळ तीस वर्षं आवाज दिला. २०२० मध्ये तो थांबला, २०२१ मध्ये त्याने माफी मागितली. "यांना खरे भारतीय नट मिळत नाहीत का?" मी तावातावाने विचारलं.

लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, 'बाला' बघताना तू तर मजेत हसत होतास."

२०१९ चा 'बाला'. सावळ्या मुलीला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलणारा सिनेमा, आणि त्यासाठी भूमी पेडणेकरला रंग लावून काळी केलेली! त्याच वर्षी 'सुपर ३०'मध्ये हृतिक रोशनचंही तेच. मला काहीच खटकलं नव्हतं. गोऱ्याने रंग लावला की अपमान, आपल्याने लावला की अभिनय.

लेक रंगाने माझ्यावर गेलीय. भारतात गेलो की कुणीतरी तिला "उन्हात जाऊ नकोस, अजून काळी होशील" म्हणतंच, आणि मी हसून विषय बदलतो.

या सुट्टीत विषय बदलायचा नाही, असं ठरवलंय.