धाकट्याचे ब्रेक थोरल्याला!

जर्मनीला गेलेले आपले बहुतेक लोक काय बघतात? कोलोनचं कॅथेड्रल, ऱ्हाइनवरची बोट, ब्लॅक फॉरेस्ट आणि मग थेट स्वित्झर्लंड. पण डोक्यात गाड्यांचा किडा असेल, तर कोलोनपासून तास-सव्वा तासावर आयफेलच्या डोंगरात न्युर्बुर्ग नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे एक दिवस द्याच.

इथली नॉर्डश्लाइफ १९२७ मध्ये सुरू झाली. २०.८ किलोमीटरचा ट्रॅक, ७३ वळणं, सुमारे ३०० मीटरचा चढउतार आणि दोन्ही बाजूंना गच्च झाडी. जॅकी स्टुअर्टने याला 'ग्रीन हेल' म्हटलं, ते उगाच नाही. १९७६ मध्ये निकी लाउडा इथेच जळत्या गाडीत अडकला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या ट्रॅकवर झाली नाही. आणि तरीही ठरावीक दिवशी हाच ट्रॅक टोल रोडसारखा सगळ्यांना खुला असतो! तिकीट काढा, बॅरिअर उघडतो, सुटा.

पार्किंगमध्ये पोर्शेंची जत्रा असते. माझा जीव मात्र जडला तो एका चिमुकल्या माझदा एमएक्स-५ वर. पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीला गेलेल्या मित्राची ही १९९० ची, १.६ इंजिनवाली, बिनछताची गाडी. वहिनींची अट एकच होती, आधी ब्रेक, मग तिकीट.

अट रास्त होती. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक मारल्यावर ती सगळी उष्णता बनून डिस्कमध्ये शिरते. ऑफिसला जाता-येता काही जाणवत नाही. इथे मात्र कालेनहार्डपासून ब्राइडशाइडच्या पुलापर्यंत रस्ता नुसता खाली धावतो, वळणामागून वळण. पॅड तापून पकड सोडतात, जुनं ब्रेक ऑइल उकळतं, आणि पेडल स्पंजसारखं आत जातं. खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे येणारा तो जळका वास आठवा.

यावर महागडी रेसिंग किट मिळतात. मित्राने मात्र झकास देशी डोकं चालवलं. त्याच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरच्या डिस्क. नंतर आलेल्या १.८ मॉडेलला २५५ च्या. कॅलिपर तोच ठेवायचा. ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड तेवढे १.८ चे घ्यायचे. नट-बोल्टवर काम! २००१ नंतरच्या स्पोर्ट मॉडेलला २७० च्या डिस्क आहेत, पण त्यांच्यासाठी किमान १५ इंची चाकं लागतात. याची १४ इंचीच, त्यामुळे तो मोह सुटला. बरं झालं. हलक्या गाडीला उगाच वजन कशाला?

आणखी एक, पुढचे बदलले तर मागचेही बदला. नाहीतर पुढच्या-मागच्या ब्रेकमधला तोल बिघडतो. सोबत नवं डॉट-४ ऑइलही हवंच, कारण ते हवेतली ओल पितं आणि मग लवकर उकळतं.

मोठी डिस्क बसवली म्हणून गाडी पहिल्या ब्रेकला फार लवकर थांबते, असं नाही बरं का! ते काम टायरचं. डिस्कचा फायदा कळतो दहाव्या ब्रेकला. आमच्या फेरीत पुलापाशी पोहोचलो तेव्हाही पेडल कडक होतं. शेजारच्या सीटवर माझे पाय मात्र फ्लोअर दाबत होते!

जर्मनीत हा बदल गुपचूप नाही चालत. तपासनीसाला दाखवायचा, गाडीच्या कागदांवर नोंदवायचा. दोन कामांत कंजुषी केली नाही म्हणून मित्राला सलाम, एक ही नोंद आणि दुसरी मेकॅनिककडून तपासणी.

तुम्ही जाणार असाल तर साधी भाड्याची गाडी इथे आणू नका. नेहमीच्या करारात हा ट्रॅक बहुधा बाद असतो. न्युर्बुर्गमध्ये खास ट्रॅकसाठी गाड्या मिळतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून. रेलिंगला धडकलात तर तिचं बिल तुमच्याच नावावर! हिवाळ्यात सगळं बंद. नुसतं बघायचं असेल तर ब्रुनशेनच्या वळणाशी उभे राहा.

आणि फेरीनंतर गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून बसतात. गिअरमध्ये टाका आणि करीवुर्स्ट खायला चला. शाकाहारी असाल तर फ्राइज आहेतच.