बो नदीचे पाणी आणि खानदेशी नजर

खानदेशातून येऊन कॅनडातील कॅलगरी शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांना हे शहर प्रथम कळते ते कचेरी, मुलांची शाळा, किराणा आणि हिवाळा यांमधून; शहराच्या मधोमध वाहणारी बो नदी मात्र पुलावरून दिसते तेवढीच त्यांच्या वाट्याला येते. या नदीची खरी ओळख करून घेण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे तिच्यातील ट्राउट माशासाठी एका दिवसाची सहल नीट आखणे. अशा आखणीत पाण्याचे तापमान, प्रवाह, कीटकांचा हंगाम आणि कायद्याचे नियम या चारही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात, आणि पाण्याचा असा अभ्यास जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला मुळीच परका नाही.

ट्राउट हा थंड, वाहत्या आणि प्राणवायूने समृद्ध पाण्यातला मासा आहे. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते. पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले की ट्राउटची दमछाक सुरू होते. ज्या भुसावळ-जळगाव पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथील तापी, गिरणा किंवा वाघूर या नद्यांत हा मासा जगू शकत नाही, याचे कारण एवढ्यातच सापडते. भारतात तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी काश्मीर, कुलू आणि नीलगिरी येथील डोंगरी पाण्यात आणून सोडला गेला. तापीच्या उष्ण पाण्याला मानवणारे मासे वेगळे आहेत: मरळ, वाम, शिंगाळा, आणि नर्मदा-तापी खोऱ्यांत नोंदला गेलेला महाशीर.

बो नदी रॉकी पर्वतरांगेतील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात, हिमनदीच्या पायथ्याशी उगम पावते आणि गोस्ट व बेअरस्पॉ या जलविद्युत धरणांतून नियंत्रित होत शहरात येते. पर्वतावरचे बर्फ मे महिन्याच्या अखेरीपासून वेगाने वितळू लागते, त्यामुळे जूनमध्ये पाणी गढूळ आणि धोक्याचे होते. म्हणजे खानदेशात मृगाची वाट पाहिली जाते त्याच सुमारास येथील नदी भर वाहते, परंतु तिच्या पुराला पावसाइतकेच उन्हाचेही बळ असते. जून २०१३ मध्ये अतिवृष्टी आणि वितळते बर्फ एकत्र आले तेव्हा कॅलगरीचा मध्यभाग रिकामा करावा लागला होता आणि नदीने अनेक ठिकाणी आपले पात्रच बदलले. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर किती क्युसेक विसर्ग सुरू झाला हे ज्यांनी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत वाचले आहे, त्यांना येथील शासकीय प्रवाहनोंदी वाचणे अवघड जात नाही. येथे प्रवाह घनमीटर प्रति सेकंद या मापात दिला जातो आणि असा एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ क्युसेक, एवढेच ध्यानात ठेवावे लागते. पात्रात उतरून मासेमारी करणाऱ्याने जुलैच्या मध्यानंतर पाणी उतरून निवळल्यावरच दिवस ठरवावा, हे शहाणपणाचे होय.

या मासेमारीची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. आपल्याकडच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात आणि शिशाच्या वजनाने दोरा पाण्यात दूर जातो. येथे आमिष म्हणून कोंबड्याची पिसे, हरणाचे केस आणि रेशमी धागा बारीक गळावर बांधून कीटकाची प्रतिकृती तयार करतात, जिला ‘फ्लाय’ म्हणजे माशी असे नाव आहे. या माशीला जवळजवळ वजन नसते, म्हणून दोर जाड व जड ठेवलेला असतो आणि सुमारे नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे हलवून त्या दोराच्याच वजनाने माशी पाण्यावर पोहोचवली जाते. दोर आणि माशी यांच्यामध्ये पारदर्शक नायलॉनचा निमुळता दोरा असतो, ज्याच्यामुळे माशाला दोर दिसत नाही.

माशी कोणती निवडावी हे नदीतील कीटकच ठरवतात. पाण्याखालच्या दगडांना चिकटून राहणाऱ्या अळ्या ठराविक काळात वर येतात, त्यांना पंख फुटतात आणि त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन खाऊ लागतात. वसंतात आणि शरदात लहान ‘मेफ्लाय’, उन्हाळ्याच्या आरंभी पतंगासारखे दिसणारे ‘कॅडिस’ आणि ऑगस्टमध्ये काठच्या गवतातून वाऱ्याने पाण्यात पडणारे नाकतोडे, असे हे वेळापत्रक ढोबळमानाने सांगता येते. शहराखालच्या पट्ट्यात मासे मोठे होतात याचे एक कारण शहरच आहे: सांडपाण्यातून आलेल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढले, शेवाळावर कीटक आणि कीटकांवर मासे पोसले गेले. तेच सांडपाणी प्रमाणाबाहेर गेल्यास पाणवनस्पती माजून रात्री प्राणवायू घटतो, म्हणून १९८०च्या दशकापासून प्रक्रिया केंद्रांत फॉस्फरस काढून टाकला जातो. नदी आणि नगर यांचे भवितव्य किती जवळून बांधलेले असते, हे यावरून कळते.

नियमांचा अभ्यास हा आखणीचा चौथा भाग होय. सोळा वर्षांखालील मुले आणि अल्बर्टातील पासष्ट वर्षांवरील रहिवासी यांना मासेमारीच्या परवान्यातून सूट आहे. इतरांनी तो घ्यावा, आणि दरवर्षी निघणारी नियमपुस्तिका त्या त्या पट्ट्यासाठी वाचावी. नदीतील ‘ब्राउन’ ट्राउट मूळचा युरोपातला असून, १९२५ मध्ये मत्स्यबीज नेणारा ट्रक बॅन्फजवळ बिघडल्याने ते कॅरट क्रीक या ओढ्यात सोडले गेले, तेव्हापासून तो येथे आहे. ‘बुल’ ट्राउट मात्र मूळ रहिवासी आहे. त्याच्या पाठीवरच्या पराला काळे ठिपके नसतात आणि तो सापडल्यास ताबडतोब सोडणे कायद्याने बंधनकारक आहे. सोडताना हात ओले करावेत, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवावा आणि तो स्वतःच्या बळाने पोहू लागेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा. २०१६ मध्ये बॅन्फमधील जॉन्सन तलावात ट्राउटच्या पिलांना गरगर फिरवणारा एक परजीवी रोग आढळला, म्हणून एका नदीतून दुसरीकडे जाण्यापूर्वी बूट आणि साहित्य धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक ठरते.

खानदेशी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो भाग बंधाऱ्याचा आहे. कॅलगरीतच बो नदीवर बंधारा घालून पूर्वेकडच्या शेतीसाठी कालवा काढलेला आहे, आणि हंगाम संपल्यावर कालवा रिकामा होतो तेव्हा त्यात अडकलेले मासे ‘ट्राउट अनलिमिटेड कॅनडा’ या संस्थेचे स्वयंसेवक पकडून पुन्हा नदीत सोडतात. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शतकानुशतके चाललेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे गाव मिळून ठरवत असे आणि पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देत असे. पाणी सर्वांचे असेल तर त्याच्या वापराला शिस्त लागते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. येथे त्या शिस्तीत माशाचाही हक्क मोजला जातो, ही त्यातली मोलाची भर म्हणावी लागेल.

म्हणून पहिल्या सहलीसाठी ऑगस्टअखेरचा किंवा सप्टेंबरचा दिवस निवडावा, फिश क्रीक उद्यानाच्या काठाने सकाळी लवकर सुरुवात करावी आणि पोलिसमन्स फ्लॅट्सपासून मॅकिनन फ्लॅट्सपर्यंतचा नावेचा प्रवास अनुभवी वाटाड्यासोबतच, जीवरक्षक जाकीट घालून करावा. मुलांना सोबत घेऊन पाण्याचे तापमान, प्रवाह आणि दिसलेले कीटक यांची वही ठेवावी, आणि सुटीत गावी गेल्यावर गिरणेच्या किंवा पांझरेच्या काठी, भोई आणि जुन्या पाटकऱ्यांना विचारून, तीच वही पुढे चालवावी. परदेशातील नदीविषयी इतका अभ्यास करणाऱ्या माणसाने आपल्या नदीत आज कोणते मासे उरले आहेत आणि कोणते का गेले, हे जाणून घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.