शोभेल हो, पण झेपेल का?

उंची सहा फूट दोन इंच, वजन ११० किलो आणि लायसन्स अगदी ताजं. शोरूममधल्या पोऱ्याने मला नखशिखांत न्याहाळलं आणि थेट क्लासिक ३५० दाखवली. ‘सर, तुम्हाला हीच शोभेल!’

मित्राकडे नेमकी तीच होती. रविवारी पहाटे ती मी घेतली, तो भावाच्या स्प्लेंडरवर, आणि निघालो सिंहगडाला. खडकवासल्यापर्यंत मी राजा! धरणाचा गार वारा, गुडघ्यांना ऐसपैस जागा. गोळेवाडीचा नाका ओलांडला आणि घाट सुरू झाला. एका चढ्या वळणावर समोरून जीप आली. मी थांबलो, पाय टाकला, पण उताराकडची जमीन हाताभर खालीच. १९५ किलोची गाडी अगदी सावकाश कलली. ती पडली, मीही. जीपमधल्या मावशी म्हणाल्या, ‘अगं बाई, एवढा धिप्पाड माणूस!’

धिप्पाड असलो म्हणून बॅलन्स फुकट मिळत नाही, राव.

उतरताना गाड्या बदलल्या. स्प्लेंडर ११२ किलोची, कुठेही वळते. पण गुडघे हँडलला भिडले आणि खड्ड्यात मागचा शॉकअप ठाककन बसला.

शेवटी सेकंडहँड एक्सपल्स २०० घेतली. क्लासिकपेक्षा बरीच हलकी, सीट जवळपास ८२५ मिलिमीटर उंच; बुटक्यांची पंचाईत, माझी सोय. घेण्याआधी पार्किंगमधून एकट्याने मागे ढकलून पाहिली, हँडल पूर्ण वळवून गुडघे तपासले. मेकॅनिककाकांनी मागची स्प्रिंग कडक करून दिली.

त्या वळणावर मात्र अजून पोटात गोळा येतो.