अनामत

एम. ए.साठी १९९२ साली मी सदलग्याहून कोल्हापूरला गेलो. वडिलांनी उसाच्या बिलातून दिलेली अनामत एका दलालाने घेतली. पावती मागितली तर म्हणाला, “विश्वास नाही का?” आषाढात कौले गळू लागली. दलाल ‘उद्या बघू’च म्हणत राहिला, अनामतही बुडाली. शाहू महाराजांनी १९०१ पासून खेड्यातल्या पोरांसाठी वसतिगृहे का उभारली, ते त्या खोलीत उमगले.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. करार लेखी करून नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी ठरली. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य. आमची मुले आजही त्याच वाटेने जातात. निरोप समारंभात मी सांगतो, “बाबांनो, पावतीशिवाय पैसे देऊ नका. गळतीची तक्रारही लेखीच द्या.”