काजळी

किटकॅट फ्यूज काढला की मी आधी चिनीमाती बघायचो. तार मधोमध वितळून टोकांना बारीक गोळे धरले असतील, तर भार जास्त झालाय. इस्त्री आणि हीटर एकदम लावलेत. तार नाहीशीच आणि चिनीमातीवर काजळी, तांब्याचे शिंतोडे, म्हणजे सरळ शॉट. घरमालकाला काही न विचारता मी हे सांगायचो. मग त्याचा जो चेहरा व्हायचा, त्यात माझी निम्मी मजुरी वसूल.

एमसीबी असं काही मागे ठेवत नाही. आत दोन कारभारी आहेत. जास्त भाराला सावकाश तापून वाकणारी पट्टी, शॉटला क्षणात खेचणारी कॉइल. पण दांडी दोघंही सारखीच पाडतात. सी कर्व्हचा 10 अँपिअरचा एमसीबी 50 ते 100 च्या मध्ये कुठंतरी झटक्यात पडतो, आणि 14 अँपिअर तासभर निमूट सोसूही शकतो. हल्लीचे वायरमन तर ‘सारखा पडतो’ अशी तक्रार आली की 16 चा काढून 32 चा ठोकतात. भिंतीतली वायर तीच. त्यांना शिव्या घालताना मला एक लग्नघर आठवतं. मांडवातली लाईट जाऊ नये म्हणून मी फ्यूजमध्ये वायरचे तीन पदर पिळून घातले होते. रात्रभर झोप लागली नाही, पण वाहवा मात्र घेतली.

आता हात थरथरतो. म्हणून आयटीआयमधून वीजतंत्री झालेली एक पोरगी बरोबर येते, बारीक स्क्रू तीच आवळते. गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या एका घरी आम्ही किटकॅटचा जुना बोर्ड काढून एमसीबी आणि गेलेला-परतलेला करंट ताडून बघणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. तिसऱ्या दिवशी फोन: गीझर लावला की घर अंधारात.

गीझर, अर्थात. मी एलिमेंट बदललं. आरसीसीबी पुन्हा पडला. गीझर सोडवून ठेवला, तर इस्त्रीवर पडला. दिवे-पंख्यांवर मात्र दिवसभर टिकायचा. मग एकेक एमसीबी पाडून बघितला. माजघराचा पाडला तरी गीझर लावताच खटका. म्हणजे माजघर निर्दोष, असं मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी तर आरसीसीबीच खराब म्हणून दुकानात बदलायला निघालो होतो. बटण दाबून तो नीट पडतोय हे दिसत होतं, तरीही.

“काका, एमसीबीनं नुसता फेजच तुटतो ना?” पोरगी म्हणाली. “न्यूट्रल सोडून बघायचे?”

माझ्या छातीत धस्स झालं. हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. न्यूट्रल कुठं अर्थिंगला टेकला असेल, तर त्या जागेचा फेज बंद असो वा चालू, घरभरच्या भाराचा परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो. थोडा अर्थिंगमधून निसटतो. भार कमी असेल तर निसटणाराही कमी, आरसीसीबी गप्प. गीझर लावला की तोच वाटा वाढून तीसच्या पुढं. गीझरचा दोष एवढाच की तो जास्त करंट खातो. जुन्या फ्यूजला यातलं काही कळणंच शक्य नव्हतं. तो फक्त आपल्यातून किती जातं ते बघतो, परत किती आलं ते नाही.

तिनं लिंकवरून एकेक न्यूट्रल सोडून मेगरनं त्याचं इन्सुलेशन मोजलं. माजघराचं शून्यावर आलं. मी स्टुलावर बसून टॉर्च धरला. स्विचबोर्ड उघडला, तर लोखंडी पेटीच्या स्क्रूखाली काळी वायर चिमटली होती, तांबं दिसत होतं. ना काजळी, ना वास. बावीस वर्षं.

वायरीच्या टोकाला पांढऱ्या टेपचे दोन वेढे होते, दुसरा उलटा. असे वेढे या गावात एकच माणूस मारतो.

“कुणी केलं असेल हे वायरिंग?” तिनं विचारलं.

“असेल कुणीतरी,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, “अगं, तुझ्या काकांनीच की! वास्तुशांतीला शाल दिली होती आम्ही त्यांना.”